किती गेलंय ते न बघताच 'खाली करा'?

नाशकात कॅन्सर हॉस्पिटलमध्ये मेडिकल फिजिसिस्ट आणि आरएसओ, म्हणजे रेडिएशन सुरक्षेची जबाबदार अधिकारी, आहे. रोजचं काम लिनॅकचं (कॅन्सरला रेडिएशन देणारं मशीन) क्यूए, म्हणजे अचूकतेची तपासणी, आणि ट्रीटमेंटचं प्लॅनिंग, पण कुठे "सीटी झाला आणि नंतर कळलं दिवस गेलेत" असं झालं की फोन फिरत फिरत आमच्याकडे येतो.

यावेळी निफाडकडचं जोडपं, ऐन ऑक्टोबर छाटणीत बाग सोडून आलेलं, सोबत सासूबाई. पोट प्रचंड दुखत होतं म्हणून कॉन्ट्रास्ट सीटी (शिरेतून औषध देऊन काढतात तो) केला, तेव्हा तारखेनुसार जेमतेम साडेचार आठवडे, कुणाला कल्पनाच नाही. नंतर ज्यांना दाखवलं ते डॉक्टर फाइल बघून म्हणाले, रेडिएशन गेलंय, रिस्क नको, खाली करून घ्या, म्हणजे गर्भपात. किती गेलंय? ते कुणी विचारलंच नाही. मला संताप येतो तो याचाच, औषध मिलिग्रॅममध्ये लिहिणारी माणसं रेडिएशनचं मात्र "गेलंय" एवढ्यावर सोडून देतात.

सीडीत डोस रिपोर्टचं पान नव्हतं. मशीन ते आपोआप बनवतं, सेंटरवाले टाकत नाहीत, हे नेहमीचंच. टेक्निशियन मुलगा भला निघाला, कन्सोलवरून फोटो पाठवला. तीन फेज, म्हणजे तीनदा स्कॅन, त्यातला आर्टिरियल (औषध धमन्यांत असतानाचा) वरच्या पोटापुरता, प्लेन (औषधाआधीचा) आणि व्हीनस (औषध शिरांत पोचल्यावरचा) मात्र पूर्ण पेल्व्हिसमधून, म्हणजे ओटीपोटातून, प्रत्येकी सीटीडीआयव्हॉल, म्हणजे मशीन दाखवतं तो डोसचा आकडा, ८ मिलिग्रे (रेडिएशन डोसचं माप). बरेच जण इथेच ८ आणि ८ सोळा म्हणून थांबतात, पण तो आकडा ३२ सेंटिमीटरच्या प्लास्टिक फँटमचा, म्हणजे शरीराऐवजी मोजायला ठेवतात त्या गोल ठोकळ्याचा असतो, बाईचा नाही. ही बारीक, इमेजवर मोजलं तर व्यास २५ च्या आसपास, बारीक शरीरात डोस आत जास्त पोचतो, म्हणून १.४८ ने गुणायचं. झाले साधारण २४, वरच्या पोटाच्या फेजमधून विखरून आलेलं थोडं रेडिएशन (स्कॅटर) धरून २५ लिहिले. इतक्या लवकर गर्भाशयाचा डोस तोच गर्भाचा धरतात.

आयसीआरपी, म्हणजे रेडिएशन सुरक्षेवर शिफारशी करणारी आंतरराष्ट्रीय संस्था, तिचं २००० सालचं ८४ नंबरचं पब्लिकेशन स्पष्ट म्हणतं, १०० मिलिग्रेच्या खाली फक्त रेडिएशनमुळे गर्भपात करणं समर्थनीय नाही.

हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "मॅडम, मग बाळ धडधाकट होईल असं लिहून द्या."

ते कसं देणार? एकही एक्स-रे न काढता १०० पैकी ३ बाळांत काहीतरी व्यंग असतंच, या सीटीने त्यात भर पडत नाही. लहानपणीच्या कॅन्सरचा धोका मात्र किंचित वाढतो, हजारात ३ चा ५ च्या आसपास. हे सांगू की नको असं क्षणभर वाटलं, पण अर्धं सांगून निर्णय कसा घेणार ती माणसं, म्हणून सांगितलं. कॅन्सर शब्द ऐकला आणि सासूबाईंचा चेहराच उतरला, नवरा खाली बघायला लागला. तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली ती म्हणाली, "म्हणजे हजारातली ९९५ चांगलीच ना ताई?"

हो, कॅन्सरपुरतं तरी, म्हटलं.

तो शब्द आधी तिला एकटीलाच सांगायला हवा होता का, हे अजून डोक्यात फिरतंय. सगळ्यांसमोर सांगितलं की निर्णय तिचा राहत नाही, आणि एकटीला सांगितलं की घरी जाऊन तिलाच सगळ्यांना समजवावं लागतं.

त्या डॉक्टरांचा संध्याकाळी फोन, "लेखी देता का हे?" रिपोर्ट सहीसकट फाइलमध्येच होता, कुणी उघडला नव्हता. गर्भ ठेवायचं ठरलंय. जानेवारीत अ‍ॅनॉमली स्कॅन (बाळात व्यंग आहे का ते बघणारा) आहे, ती सोनोग्राफी असते, तिच्यात रेडिएशन नसतं हे सासूबाईंना दोनदा सांगितलं.