तुम्ही विचारलंत म्हणून: शिक्षक मार्क खोटे भरतात का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, नाहीतर या विषयावर जेवताना बोलणं मी कधीच सोडून दिलंय. "तू जिल्हा परिषदेच्या शाळांवर पीएचडी केलीस ना, मग खरं सांग, ते लोक ऑनलाइन मार्क खोटेच भरतात ना?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं, माझा फक्त शिक्का हवा असतो. काकांच्या साठीशांतीत विचारलं, रिक्षात विचारलं, गेल्या महिन्यात दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझ्या तोंडात आरसा घालून.

तर हो, भरतात. झालं समाधान?

आता पुढचंही ऐका. २०१५च्या जूनचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर, म्हणजे प्रत्येक मूल प्रगत करायचा सरकारी आदेश, पोर कुठवर आलंय ते बघायच्या पायाभूत चाचण्या, त्यांचे मार्क भरायचं सरकारी पोर्टल सरल, रात्री अकरानंतर सर्व्हर चालायचा म्हणून तोवर जागणाऱ्या बाई, हे सगळं तुम्हाला माहितीये. माहीत नसतं ते हे की मी त्या जीआरच्या बाजूची होते. मनापासून. पोर नेमकं कुठे अडलंय हे बाईंना कळलं तर त्या तिथून शिकवतील, यात वाईट काय होतं? खरं सांगायचं तर अजूनही मला त्यात वाईट काही दिसत नाही. घोळ असा की त्याच आकड्यावरून पोराला शिकवायचंही होतं आणि त्याच आकड्यावरून बाईंनाही जोखायचं होतं, आणि वर टार्गेट १०० टक्के. अमेरिकेतही २०१४पर्यंत झाडून सगळी मुलं प्रगत होणार असा कायदा होता, त्याच काळात अटलांटात शिक्षक आणि मुख्याध्यापकच उत्तरपत्रिका खोडून दुरुस्त करत होते, २०११च्या चौकशीत ४४ शाळा आणि १७८ जण निघाले. तेव्हा 'आपल्याकडचे लोकच असले' हे कृपया मला सांगू नका.

पण मला सांगायचंय ते वेगळंच.

२०१८चा जानेवारी. ऊसतोडीचा तालुका, नाव नाही घेत. दिवाळीनंतर अर्धे आईबाप कारखान्याकडे जातात, सोबत पोरंही जातात, वर्गात उरतात ती आजीपाशी ठेवलेली. एका वस्तीवरच्या द्विशिक्षकी शाळेत मी आठ दिवस बसले होते. तिथल्या बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या, मला ताई म्हणायच्या, मी त्यांना बाई. वर्गात कालनिर्णय टांगलेलं होतं, खिचडीची टाकी कधी आली, तांदूळ कधी संपला ते लिहायला. घरी आपण दुधाचे खाडे लिहितो ना, तसं. त्याच चौकोनात बाई पेन्सिलनी बारीक अक्षरात लिहायच्या, '१२ – रेश्मा जोडाक्षर वाचली', '१५ – गोट्या हातचा घ्यायला विसरतो, काड्या दिल्या', '१९ – गोट्या गेला (कारखाना)'. मी तीन वर्षं 'शिक्षक डेटा वापरतात का' हे शोधत फिरत होते आणि तो माझ्यासमोर खिळ्याला लटकत होता. बाईंना म्हटलं, हाच तर डेटा. त्या म्हणाल्या, "हे माझं हाय ओ. डेटा तिकडं सरलवर भरलाय."

सरलवर त्यांनी जे होतं तेच भरलं होतं. कमी होतं, कमी भरलं.

मार्चमध्ये जिल्ह्याच्या ठिकाणी मला निष्कर्ष मांडायला बोलावलं. मी २६ शाळांतल्या पोरांची एकेकाला समोर बसवून स्वतः चाचणी घेतली होती, आडव्या रेघेवर पोर्टलचे मार्क, उभ्या रेघेवर माझे. दोन्ही सारखे आले तर ठिपका तिरक्या रेघेवर पडणार. २५ ठिपके रेघेच्या खाली. एकच रेघेवर, अगदी खालच्या डाव्या कोपऱ्यात. आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, हातातला लेझर त्या ठिपक्यावर गोल गोल फिरवत म्हणाले, "ही एकच शाळा खरं सांगतेय." मला टाळ्या हव्या होत्या हो. मिळाल्या पण.

पहिल्या रांगेतल्या साहेबांनी विचारलं, कुठली शाळा? मी म्हटलं, नाव सांगता येणार नाही सर, संशोधनाची शिस्त असते. केवढी ऐट त्या वाक्यात. पुढच्याच स्लाइडवर तक्ता होता, शाळा क, पटसंख्या २३, शिक्षक २, वस्तीवरची. सभागृहात त्या शाळांवर देखरेख ठेवणारे केंद्रप्रमुख बसलेले. त्यांना नाव कशाला लागतंय?

आठ दिवसांनी बाईंचा फोन. "ताई, तुमचं भाषण चांगलं झालं म्हणे." मग जरा थांबून म्हणाल्या, "मला नोटीस आलीय." कारणे दाखवा. आपल्या शाळेची संपादणूक केंद्रात सर्वात कमी असून, वगैरे. रागावल्या नव्हत्या, खुलाशात काय लिहायचं ते मलाच विचारत होत्या. मी लिहून दिलं. स्थलांतर, हजेरी, माझ्या चाचणीचे आकडे, सगळं. त्याचा काय उपयोग झाला मला माहीत नाही, कारण विचारायची हिंमतच झाली नाही.

तेव्हाची मी म्हणते, तुझी चूक फक्त तक्त्याची, पटसंख्येचा रकाना काढला असता तर काही झालं नसतं. आताची मी म्हणते, नाही बाई, चूक त्या लेझरची. पण मग निष्कर्ष मांडायचेच नाहीत का? २५ शाळांचे आकडे फुगलेले आहेत हे कोणी बोलायचंच नाही का? यावर आमचं दोघींचं अजून जमलेलं नाही.

आणि अभ्यासांकडे वळावं तर तेही धड एका बाजूला उभे राहत नाहीत. आंध्रात मुरलीधरन आणि सुंदररामन या अर्थतज्ज्ञांनी शिक्षकांना पोरांच्या निकालाचा तपशीलवार अहवाल देऊन पाहिला, वर्षभरानी मार्कांत फरक शून्य, फक्त कोणी बघायला आलं की शिक्षक जास्त कामात दिसायचे. हे मी दर भाषणात सांगते. सांगत नाही ते पुढचं, की ज्या शाळांत निकालावर बोनस होता तिथे तोच अहवाल कामी आला असावा असं दिसलं. म्हणजे दबाव नको म्हणावं तर हे आडवं येतं, हवा म्हणावं तर बाईंची नोटीस आडवी येते. कागदाऐवजी टॅबवर परीक्षा घेतली की फुगवटा जातो, हेही आंध्रातच दिसलंय. जाईल. टॅबला नोटीस निघत नाही.

पुढच्या संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या चाचणीत बाईंच्या शाळेचे ८४ टक्के आले. मला व्हॉट्सअ‍ॅपवर स्क्रीनशॉट, खाली हात जोडलेले. मी अंगठा पाठवला. खरंच, अंगठा. दुसरं काय पाठवायचं ते अजूनही सुचलेलं नाही. म्हणून तुम्ही 'खोटे भरतात ना' म्हणता तेव्हा मी चिडते, ते शिक्षकांची वकिली करायला नाही. त्या ८४मध्ये माझाही हात आहे.

नंतर एकदा गेले होते. कालनिर्णय नवं होतं. म्हटलं, बाई, अजून लिहिता का पोरांचं? "टाकी कधी आली तेवढं लिहिते," म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

आता चाचणीचं नाव पॅट (नियतकालिक मूल्यांकन चाचणी) झालं, मार्क चॅटबॉटवर जातात, बाई रिटायर झाल्या. तो तक्ता मात्र माझ्या प्रबंधात आहे तसाच आहे, शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर, कोणीही उघडून बघू शकतं. पटसंख्येचा रकाना तेवढा काढता येईल का, म्हणून मी दोनदा ईमेल केलीय. उत्तर आलेलं नाही.