टॉन्सिल्स काढल्यानंतरचे सतरा दिवस

मागच्या वर्षभरात माझे टॉन्सिल्स सात वेळा सुजले. दर वेळी ताप, अँटिबायोटिक, शाळेत रजेचा अर्ज. मी पहिलीचा वर्ग घेते, दिवसभर बोलणं हेच काम. हळद-मिठाच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. शेवटी मिरजेतल्या घशाच्या डॉक्टरांनी विचारलं, "वर्षात किती वेळा?" मी म्हटलं, सात. वर्षात सात वेळा, किंवा सलग दोन वर्षं पाच-पाच वेळा, किंवा तीन वर्षं तीन-तीन वेळा त्रास झाला, तर ऑपरेशनचा विचार करतात, असं ते म्हणाले. मे महिन्याच्या सुट्टीतली तारीख घेतली.

ऑपरेशनचं फार सांगण्यासारखं नाही. रात्रीपासून उपाशी, सकाळी भूल, जाग आली तेव्हा सगळं आटोपलेलं. दुसऱ्या दिवशी घरी.

लिहायचं आहे ते पुढच्या दिवसांबद्दल. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, झालं, आता उतरणीला लागलं. पाचव्या दिवशी आवंढा गिळताना डोळ्यांतून पाणी आलं. आणि कान! दोन्ही कानांत सुई खुपसल्यासारखी कळ. कानाला काही झालं की काय म्हणून घाबरून फोन केला. कान ठीक आहे, घशाला जाणाऱ्या नसेचीच एक फांदी कानात जाते म्हणून तिथे दुखतं, असं डॉक्टरांनी समजावलं. हे आधी माहीत असतं तर ती एक रात्र तरी मी शांत काढली असती. मोठ्या माणसाला लहान मुलांपेक्षा हे जास्त जड जातं, हेही मला तेव्हाच कळलं.

मोबाइलचा टॉर्च लावून आरशात पाहिलं. पडजीभ सुजून लोंबत होती आणि दोन्ही बाजूंना पिवळट पांढरा थर, तापवलेल्या दुधावर साय धरावी तसा. मला तो पू वाटला. ती खपली होती. घशातली जखम ओली असते, म्हणून खपली काळी न होता अशी पांढरी दिसते. तोंडाला वास येतो तोही तिचाच.

दुखतं म्हणून गिळायचं टाळलं की घसा कोरडा पडतो आणि आणखी दुखतं. सासूबाई ठाण मांडून बसायच्या, "पी गं, घोट घोट पी." रात्री दोन-दोन तासांनी गजर लावून त्यांनी मला पाणी पाजलं. औषधाची वेळही त्यांनी चुकू दिली नाही. थंड झालेली तांदळाची पेज, मऊ गुरगुट्या भात, ताक, एवढ्यावर दहा दिवस निघाले.

बोलायचं नव्हतं म्हणून मुलाची पाटी घेतली होती. तो सात वर्षांचा. मी पाटीवर लिहायचे, तर तोही बोलायचा नाही, लिहूनच उत्तर द्यायचा. एकदा लिहिलं, "आई दुकतय का." मी ते पुसलं नाही. शुद्धलेखनही दुरुस्त केलं नाही.

आठव्या रात्री तोंडात खारट चव आली. बेसिनमध्ये थुंकले तर लाल. खपली सुटते त्याच सुमारास असं होऊ शकतं, थोडं असलं तरी घरी थांबू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रात्री दोनला यांनी गाडी काढली. पोचेपर्यंत रक्त थांबलं होतं, तरी सकाळपर्यंत ठेवून घेतलं, दर तासाला घसा पाहिला. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे: पहिले दोन आठवडे दवाखान्यापासून लांब गावाला जाऊ नका, आणि डॉक्टरांना न विचारता दुखण्याची कुठलीही गोळी, विशेषतः ॲस्पिरिन, घेऊ नका.

बाराव्या दिवसानंतर कान शांत झाले. सतराव्या दिवशी सासूबाईंनी ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून दिली. मी हळूच घास गिळला. कुठेही अडला नाही. मुलगा समोर पाटी घेऊन बसला होता.

"आता दुखत नाही," मी मोठ्याने म्हटलं.