बिगुलाचा गंधार

आठवी ते दहावी मी शाळेच्या बँडपथकात मोठा ढोल वाजवला. त्या पथकातले आम्ही चौघे अजून नाशकातच आहोत आणि जमेल त्या रविवारी पंचवटीत एकाच्या जुन्या वाड्याच्या माडीवर बसतो. एक बँकेतून निवृत्त झालाय, एकाची द्राक्षबाग आहे, एकाचं शालिमारला दुकान आहे, मी नोकरीत. पण हाक मारताना अजूनही वाद्याचंच नाव येतं: बिगूल, साइड ड्रम, बासरी, ढोल. प्रत्येकाने सध्या जे ऐकतोय त्यातलं एक आणायचं आणि बाकीच्यांनी मध्ये न बोलता ते शेवटपर्यंत ऐकायचं, एवढाच नियम. मग पेटी-तबला निघतो आणि जेवणाची वेळ टळून जाते.

शाळेत ज्याच्या हाती जे वाद्य पडलं, त्याच वाद्याच्या कानाने तो आजही गाणं ऐकतो, असं माझं पक्कं मत झालंय. साइड ड्रम बालगंधर्वांचं गाणं लावतो आणि ऐकतो मात्र अहमदजान थिरकवाँचा तबला. खाँसाहेब बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीत तबल्याला होते. गाणाऱ्याच्या वाटेत न येता ठेका किती भरायचा, हे त्यांच्याकडूनच ऐकावं, असं त्याचं म्हणणं. बासरी गायक द. वि. पलुस्करांच्या पुढे सरकत नाही. पलुस्कर नाशिकचे, जन्म १९२१चा. वडील विष्णू दिगंबर यांनी इथेच रामनाम आधार आश्रम काढला होता. उणंपुरं ३४ वर्षांचं आयुष्य मिळालं त्यांना, पण ७८ आरपीएमच्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग असा उभा करायचे, की बासरी प्रत्येक वेळी सांगतो, "श्वास कुठे घेतलाय ते बघा, कळतसुद्धा नाही."

मी खर्ज, म्हणजे खालचा जाड सूर, ऐकतो. ढोल वाजवणाऱ्याला दुसरं काय ऐकू येणार? सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ढोल डाव्या पायावर पडला पाहिजे. तू चुकलास तर सगळी शाळा चुकेल." मिनिटाला १२० पावलं, म्हणजे अर्ध्या सेकंदाला एक. प्रभातफेरी रविवार कारंजावरून मेनरोडला वळली, की रांगेच्या शेपटाकडची मुलं हमखास भलत्याच पायावर जायची. मुलं लक्ष देत नाहीत, असं सगळे म्हणायचे. पण आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बँड पुढे आणि रांगेचं शेपूट ८५ मीटर मागे असेल, तर ढोलाचा ठोका शेवटच्या मुलापर्यंत पोचायला पाव सेकंद लागतो आणि पाव सेकंद म्हणजे अर्धं पाऊल. सरांना हे ठाऊक होतं. ते मागच्या वर्गांना सांगत, "कान बंद ठेवा, पुढच्याच्या टाचेकडे बघा." ताल डोळ्यांनीही धरता येतो, हे मी तिथे शिकलो.

दोन्ही झेंडावंदनांची तऱ्हा वेगळी होती. पंधरा ऑगस्टला पावसाळी हवेत ढोलाचं पान, म्हणजे वरचं कातडं, ओल धरून सैल पडायचं. मग शाळेच्या मागच्या अंगणात वर्तमानपत्रं पेटवायची आणि पान धगीवर धरून टणक करून घ्यायचं. सव्वीस जानेवारीला त्याच्या उलट. नाशिकची थंडी तुम्हाला माहीतच आहे, पारा कधी कधी ५-६ अंशांवर येतो. गार हवेत आवाजाचा वेग कमी होतो, म्हणून नळीतला सूर उतरतो. बिगूलवाला सूर न काढता नुसती फुंक मारत उभा असायचा, पितळ आतून गरम व्हावं म्हणून. वाजवून झालं की बिगूल उलटा करून झटकायचा, तेव्हा आतलं पाणी त्याच्या कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांवर पडायचं.

बिगुलाला ना कळ, ना भोक. नळीची लांबी ठरलेली, ओठ आवळायचे आणि सैल सोडायचे एवढंच हातात. नळीच्या मूळ कंपनाची दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट, सहापट, म्हणजे सा, प, सां, गं, पं (टिंब म्हणजे वरचं सप्तक). बस्स. रिषभ (रे) नाही, मध्यम (म) नाही. त्यामुळे राष्ट्रगीत बासऱ्या वाजवायच्या आणि ते ५२ सेकंद बिगूल सावधानमध्ये गप्प. आमच्यात सगळ्यात चांगला कान त्याचा झाला, तो मला वाटतं याचमुळे.

संगीताच्या बाई एकदा पेटी घेऊन बसल्या. बिगुलाचा षड्ज, म्हणजे सा, पेटीच्या काळी पाच या पट्टीला जुळला, पंचम पांढरी चारला जुळला. गंधार, म्हणजे ग, पांढरी दोनला मिळायला हवा होता, तो मात्र थोडा खाली लागला. बाईंनी पुन्हा वाजवायला लावलं, पुन्हा तेच. "याचा गंधार उतरतो रे," म्हणाल्या आणि विषय तिथेच राहिला.

तो विषय सुटला अलीकडे, आमच्या माडीवर. तंबोरा जुळवत होतो. खर्जाची तार नीट लागली आणि तिच्यातून आपोआप गंधार बोलायला लागला, स्वयंभू गंधार म्हणतात तो. बिगूल एकदम उठून बसला. "हा माझा गंधार आहे!" खरंच होतं. तारेच्या मूळ कंपनाची पाचपट आणि त्याच्या नळीच्या कंपनाची पाचपट, स्वर तोच. पेटीत सप्तकाचे बारा समान भाग पाडलेले असतात, म्हणून तिचा गंधार चढा असतो. एका अर्ध्या स्वराचे शंभर भाग केले, तर सुमारे १४ भागांनी. शाळेच्या कपाटातला तो पितळी बिगूल आणि मिरजेचा तंबोरा एकच गंधार बोलतात, याचा आम्हाला जो आनंद झाला तो शब्दांत सांगता येणार नाही. त्या दिवशी आम्ही दुसरं काही वाजवलंच नाही.

त्यानंतरच्या बैठकीला बिगूलने अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग आणला. १९२८ची तबकडी, सुरुवातीला एकटा ट्रम्पेट, साथीला कुणी नाही. आर्मस्ट्राँग १९१३ साली न्यू ऑर्लिन्सच्या मुलांच्या सुधारगृहात गेला, तिथल्या बँडमध्ये ढोल वाजवला, मग बिगूल, मग कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटसारखंच पितळी वाद्य. ढोल आणि बिगूल, दोन्ही आमचेच! ती तबकडी त्या दिवशी तीनदा लावली.

शाळेचा अमृतमहोत्सव आहे म्हणून मागच्या महिन्यात आम्ही चौघे शाळेत जाऊन आलो. बँडचं कपाट उघडून पाहिलं. बिगुलाला एक पोचा आहे, पण तो वाजतो. ढोलाचं एक पान फाटलंय, ते बदलून द्यायचं मी मान्य केलंय. बासऱ्या नव्या घ्याव्या लागतील, त्या बासरी देणार आहे. मुख्याध्यापकांची हरकत नसेल, तर शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही बँड शिकवायला येऊ. सातवीपासूनच्या मुला-मुलींना घेऊ, फी काही नाही. वर्ग मोकळा नसला तर मैदानावर, पिंपळाखालीही चालेल.