वामकुक्षीतला सामना

श्रीखंडपुरीवर आडवा हात मारून नुकताच लवंडलो होतो, तेवढ्यात भाचा प्राण्यांचे पत्ते घेऊन आला. आमच्या वेळी या पत्त्यांवर पैलवान असायचे. मला कोमोडो ड्रॅगन आला. "लांबी, 3 मीटर!" मी उशीवरूनच गरजलो. त्याचा पत्ता ब्रुक लॅम्प्रे, युरोपातल्या ओढ्यांत राहणारा मासा. 15 सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतली पट्टी. पत्ता माझा झाला.

कोमोडो म्हणजे आपल्या घोरपडीचा इंडोनेशियातला थोरला भाऊ. आजोळी गडग्यात एक घोरपड होती. तानाजीचा धडा झाल्यावर मे महिन्यात मी सुतळी घेऊन अख्खी दुपार तिच्या बिळापाशी बसलो होतो. तिने दुभंगलेली जीभ दोनदा बाहेर काढली आणि आत गेली. आजी ओरडली, "मेल्या, गड मागाहून घे, आधी जेवून जा!"

तर, कोमोडो एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या 80 टक्क्यांपर्यंत खाऊ शकतो. मी हिशेब केला. माझं वजन 72. म्हणजे 57 किलो श्रीखंड. आजीला असा नातू चालला असता.

लॅम्प्रेला मात्र जबडाच नाही. नुसतं गोल, चिकटणारं तोंड. डोळ्यामागे कल्ल्यांची सात भोकं, बासरीसारखी ओळीत. जर्मन लोकांनी त्यांत डोळा आणि नाकपुडी मिळवून त्याला 'नऊडोळ्या' करून टाकलंय. कित्येक वर्षं हा आंधळा, चिखलात पुरलेला, पाण्यातलं बारीकसारीक गाळून खात असतो. मग मोठा होतो, खरे डोळे येतात, आणि नेमकं तेव्हाच पोटातलं आतडं आटून जातं. तिथून पुढे कडकडीत उपास. वसंतात तोंडाने खडे हलवून ओढ्याच्या तळाशी खळगं करायचं, अंडी घालायची, मरायचं.

पंगतीत "मी फक्त ताक घेईन" म्हणणारी माणसं मला सोसत नाहीत. माझा एक मावसभाऊ सोळा तासांचा उपास करतो आणि उरलेले आठ तास त्याबद्दल बोलतो. लॅम्प्रेने अर्धं वर्ष चकार शब्द न काढता काढलेलं असतं. वर दगड वाहायचे.

"मामा, झोपलास? डाव टाक."

मी लॅम्प्रेचा पत्ता पुन्हा उलटून पाहिला. लांबी, वजन, वेग. उपासाचा रकानाच नव्हता.

आतून चहाचा वास आला. सोबत काही आहे का, मी विचारलं.