तोस्काच्या घड्याळाप्रमाणे रोम

रोममध्ये राहायला आल्यानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी एक दिवस जाकोमो पुच्चिनीच्या ‘तोस्का’ या ऑपेरासाठी राखून ठेवला. दुपारी बारा वाजता सांतआंद्रेआ देल्ला वाल्ले हे चर्च, संध्याकाळी फार्नेझे प्रासाद आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सांतआंजेलोचा किल्ला, असा तो क्रम होता. ऑपेराचे तीन अंक याच तीन वास्तूंत आणि साधारण याच प्रहरांना घडतात.

ही कल्पना माझी नव्हे. 11 आणि 12 जुलै 1992 रोजी संपूर्ण ‘तोस्का’ या तीन ठिकाणी, कथेतल्याच वेळांना, प्रत्यक्ष गायला गेला आणि शंभराहून अधिक देशांत दूरचित्रवाणीवरून थेट दिसला. निर्माते होते आंद्रेआ आंदेरमान, दिग्दर्शक जुझेप्पे पात्रोनी ग्रिफ्फी आणि छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो. चित्रकार काव्हारादोस्सीच्या भूमिकेत प्लासिदो दोमिंगो, गायिका तोस्काच्या भूमिकेत कॅथरीन माल्फितानो आणि क्रूर पोलीसप्रमुख स्कार्पियाच्या भूमिकेत रुज्जेरो राइमोंदी होते. वाद्यवृंदाचे संचालन झुबिन मेहता यांनी केले. ज्यांचा जन्म मुंबईत झाला आणि ज्यांच्या वडिलांनी, मेहली मेहतांनी, त्या शहरात पाश्चात्त्य संगीताचा वाद्यवृंद उभा केला, त्या माणसाच्या हातात त्या दोन दिवसांसाठी रोमचे घड्याळ होते, याचे मला आजही अप्रूप वाटते.

हा प्रयोग किती अवघड होता, हे मला चर्चमध्ये उभे राहिल्यावर समजले. सांतआंद्रेआचा घुमट रोममधल्या सर्वांत मोठ्या घुमटांपैकी एक आहे. तिथे एखादी खुर्ची सरकली तरी तिचा आवाज वर जाऊन बराच वेळ रेंगाळतो. अशा जागी गायकाला स्वतःचाच स्वर उशिराने परत ऐकू येतो, आणि त्या घुमणाऱ्या आवाजाला धरून तो गाऊ लागला तर लय हमखास मागे पडते. त्यात वाद्यवृंद चर्चमध्ये नव्हताच. ‘राय’ या इटालियन प्रक्षेपण संस्थेचे वादक आणि मेहता शहरात दुसरीकडे एका सभागृहात बसले होते. गायकांना मेहतांचा हात दिसत होता तो कॅमेऱ्याच्या नजरेआड ठेवलेल्या पडद्यांवर. गायकांचा आवाज सभागृहात, सभागृहाचा आवाज गायकांपर्यंत आणि या दोन्हींचा मेळ घरोघरी, अशी तिहेरी ये-जा त्याच क्षणी चालू होती.

आपल्या संगीत नाटकात ऑर्गन आणि तबला रंगमंचासमोरच असतात. गाणारा नट वादकाकडे एक नजर टाकतो आणि पुढची तान किती लांबवायची हे दोघांत तिथल्या तिथे ठरते. लहानपणी नाट्यगृहात पुढच्या रांगेतून मी ती नजर पुष्कळदा पाहिली आहे. रोमच्या या प्रयोगात नेमकी तीच नजर काढून घेतली होती. श्वास कुठे घेतला जाईल हे मेहतांनी आधीच ओळखायचे आणि पडद्यावरच्या हातावर गायकांनी पूर्ण विश्वास ठेवायचा, एवढ्यावर सारे उभे होते. पहिल्या अंकाच्या शेवटी येणारा ‘ते देउम’चा प्रसंग तर याची खरी कसोटी आहे. मारेंगोच्या लढाईत शत्रू नेपोलियन हरला, अशी खोटी बातमी आल्यामुळे चर्चमध्ये आभाराची प्रार्थना सुरू होते. मिरवणूक, समूहगान, ऑर्गन, घंटा आणि तोफांचे आवाज यांचा कल्लोळ वाढत जातो आणि त्यावरून स्कार्पियाच्या वासनेचे आणि कपटाचे गाणे तरंगत राहते. नाट्यगृहात हा प्रसंग आपण बाहेरून पाहतो. खऱ्या चर्चमध्ये कॅमेरा आत शिरतो, आणि त्या पवित्र जागेची विटंबना घरी बसलेल्या माणसालाही आपल्या समोर घडल्यासारखी बोचते. मला वाटते, या एका प्रसंगासाठी तरी ती सारी उठाठेव सार्थ होती.

दुसऱ्या अंकाचा फार्नेझे प्रासाद आज फ्रान्सचा दूतावास आहे, त्यामुळे मनात आले म्हणून आत जाता येत नाही. मी संध्याकाळी समोरच्या चौकात बसून राहिलो. तिथल्या दोन कारंज्यांची प्रचंड दगडी पात्रे काराकाल्लाच्या प्राचीन स्नानगृहांतून आणलेली आहेत. त्याच स्नानगृहांच्या भग्नावशेषांत 7 जुलै 1990 रोजी दोमिंगो, पावारोत्ती आणि कारेरास हे तीन नामवंत ऑपेरा गायक प्रथम एकत्र गायले होते आणि तेव्हाही संचालन मेहतांचेच होते.

आमच्या घरमालकीण बाई 1992 साली शाळकरी वयाच्या होत्या. दुपारचा आणि रात्रीचा भाग सगळ्या घराने मिळून पाहिला. पहाटे मात्र फक्त वडिलांनी आणि त्यांनी पाहिला, असे त्या सांगतात. ऑपेरा मध्येच थांबवून माणसे झोपायला गेली आणि उजाडताना पुढचा अंक पाहायला उठली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. कथेत रात्रभर काव्हारादोस्सी कोठडीत होता आणि प्रेक्षकांनीही ती रात्र आपापल्या घरी काढली. नाट्यगृहातल्या मध्यंतरात हे होऊ शकत नाही.

तिसऱ्या अंकाची सुरुवात पुच्चिनीने पहाटेच्या घंटानादाने केली आहे. रोमच्या चर्चमधल्या घंटा पहाटे कशा वाजतात हे ऐकण्यासाठी तो स्वतः या किल्ल्यावर आला होता, आणि संत पीटर चर्चच्या मोठ्या घंटेचा नेमका स्वर त्याने विचारून घेतला होता. दुरून ऐकू येणारे मेंढपाळ पोराचे गाणे रोमच्या बोलीत आहे. म्हणजे 14 जानेवारी 1900 रोजी याच शहरात पहिला प्रयोग झाला, तेव्हाच या संगीतात तिथली पहाट जशीच्या तशी उतरली होती. 92 वर्षांनी ते संगीत आपल्या मूळ जागी परत गेले.

किल्ला पहाटे बंद असतो, म्हणून मी समोरच्या पुलावर उभा राहिलो. ऑपेराच्या शेवटी तोस्का ज्या कठड्यावरून उडी घेते, तो खालून दिसतो; तो आणि नदी यांच्यामध्ये तटबंदी आणि रस्ता आहे, त्यामुळे ती नदीत पडली असती असे वाटत नाही. वर कांस्याचा देवदूत तलवार म्यान करताना उभा आहे आणि सर्वांत आधी उजेड त्याच्या पंखांवर येतो. पहिली घंटा नदीपलीकडून वाजली, दुसरी माझ्या मागून, आणि मग एकाच वेळी इतक्या वाजू लागल्या, की संत पीटरची कोणती हे मला ओळखता आले नाही.