पीटर अॅशर आणि आमची पत्र्याची खोली

आज पीटर अॅशर डोक्यातून जातच नाहीये, साठच्या दशकातला इंग्लिश गायक, जो पुढे दुसऱ्यांचा प्रोड्यूसर आणि मॅनेजर झाला. कारण परवाचं आहे, मोठी आत्या आली होती गणपतीचं काय ठरलं विचारायला आणि चहा घेता घेता म्हणाली, "काय रे, गाणा सोडलंस काय? तुझो आवाज खंय गेलो?" मी काहीतरी हो-नाही केलं, पण प्रश्न आत जाऊन बसला. कॉलेजात असताना बँडमध्ये गायचो, गाणी लिहायचो, आता इथे कुडाळात पत्र्याच्या खोलीत दुसऱ्यांची गाणी रेकॉर्ड करतो आणि त्यांच्या सुपाऱ्या बघतो, मंडळांना फोन, मानधनाची घासाघीस, गाडीची सोय, सगळं.

अॅशरचंही असंच झालं म्हणून तो मला इतका जवळचा वाटतो. लंडनचा पोरगा, गॉर्डन वॉलरबरोबर 'पीटर अँड गॉर्डन' ही जोडी. बहिणीचा, जेनचा मित्र, बीटल्समधला पॉल मॅकार्टनी त्यांच्याच घरी विम्पोल स्ट्रीटला राहायचा, पीटरच्या बाजूच्याच खोलीत. पॉलकडे एक गाणं पडून होतं, बीटल्सना नको होतं आणि अर्धवटही होतं. पीटरने ते ऐकलेलं, लक्षात ठेवलेलं, आणि रेकॉर्डिंगचं काँट्रॅक्ट मिळाल्यावर जाऊन मागितलं, वर मधला तुकडा लिहून दे म्हणून मागेही लागला. 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह', १९६४, इंग्लंड आणि अमेरिका दोन्हीकडे लोकप्रिय गाण्यांच्या यादीत एक नंबर. सगळे म्हणतात नशीब, मॅकार्टनी घरातच होता. मला नाही पटत. घरात गाणं पडलेलं असतं तेव्हा ते ओळखायला कान लागतो, आणि उरलेलं पूर्ण करून घ्यायला चिकाटी लागते, म्हणजे वीस वर्षांचाही नव्हता हा तेव्हा आणि प्रोड्यूसरचं काम, म्हणजे गाणं निवडून ते घडवून घ्यायचं काम, करून बसला होता, नाव फक्त गायकाचं होतं.

पुढे १९६८ ला बीटल्सनी अॅपल रेकॉर्ड्स ही स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली आणि नवीन कलाकार शोधायचं काम त्याच्याकडे आलं. त्याचवेळी एक लांब केसांचा अमेरिकन पोरगा गिटार घेऊन लंडनला आलेला, जेम्स टेलर. त्याच्याकडे पीटरचा नंबर कसा आला तर डॅनी कॉर्टचमार नावाच्या दोस्ताकडून, आणि हा डॅनी अमेरिकेत पीटर अँड गॉर्डनच्या मागे गिटार वाजवायचा. म्हणजे बघा, स्टेजवर आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाशी नीट वागला होता म्हणून तो फोन आला. आमच्याकडे पण भजनी बुवा असोत नाहीतर ऑर्केस्ट्रावाले, कामं अशीच फिरतात, ओळखीतून ओळख.

टेलरची अॅपलवरची पहिली रेकॉर्ड फार चालली नाही. मग १९६९ ला तिकडे बीटल्सचा नवा मॅनेजर अॅलन क्लाइन आला, वातावरण बदललं, आणि अॅशर चांगली नोकरी सोडून टेलरला घेऊन अमेरिकेला निघाला. याआधी मॅनेजर म्हणून कोणाचं काही केलेलं नाही आणि मॅनेजर झाला. मला या माणसाचा सगळ्यात जास्त आदर इथे वाटतो. एका आवाजावर विश्वास ठेवून स्वतःचं बस्तान उचलायचं, तेही आपला आवाज एक नंबरला जाऊन आलेला असताना.

दुसरी रेकॉर्ड, 'स्वीट बेबी जेम्स', लॉस एंजेलिसला सनसेट साउंड स्टुडिओत केली. पहिल्या वेळी गाण्यांच्या मध्ये ऑर्केस्ट्राचे तुकडे वगैरे बरंच सजवलं होतं, यावेळी सगळं कमी केलं, टेलरची गिटार आणि आवाज पुढे, पियानोवर कॅरोल किंग, बाकी मोजकं. १९७० ला बाहेर आली आणि 'फायर अँड रेन' अमेरिकेत तीन नंबरपर्यंत गेलं. ते गाणं हेडफोन लावून ऐका, आवाज एवढा जवळ आहे की गायक पडवीत आपल्या बाजूला बसलाय असं वाटतं. काय काढून टाकायचं हे कळणं फार अवघड असतं, ज्यांनी मिक्सिंग केलंय त्यांना माहितीये, हात सारखा अजून एक ट्रॅक टाकायला शिवशिवतो.

मग अमेरिकन गायिका लिंडा रॉनस्टॅट, तिचंही मॅनेजर-प्रोड्यूसर दोन्ही, 'यू आर नो गुड' १९७५ ला एक नंबर. 'प्रोड्यूसर ऑफ द इयर'चे दोन ग्रॅमी, १९७७ आणि १९८९ च्या कामासाठी. हे सगळं कुठेही वाचायला मिळतं त्यामुळे जास्त लिहीत नाही.

मला त्याची जी गोष्ट मनापासून आवडते ती वेगळीच आहे. त्या काळात रेकॉर्डच्या कव्हरवर मागे वाजवणाऱ्यांची नावं बऱ्याचदा नसायचीच. अॅशर कुठल्या गाण्यात कोणी काय वाजवलंय ते छापायला लावायचा. ड्रम्सवर रस कंकल, बेसवर लीलँड स्क्लार, गिटारवर तोच डॅनी कॉर्टचमार, लोक कव्हर वाचून त्यांना ओळखायला लागले, पुढे त्यांचा स्वतःचा 'द सेक्शन' नावाचा बँड झाला. स्वतः स्टेजवर उभा राहिलेला माणूसच हे करू शकतो असं मला वाटतं, त्याला माहीत असतं मागचा ठेका नसता तर आपण कुठे असतो.

आत्याला हे सगळं कसं सांगणार. पण गाणं सोडलं नाही एवढं नक्की सांगेन, गाताना जेवढं ऐकायचो त्याच्या दुप्पट आता ऐकतो. आज पावसाने रेकॉर्डिंग नाहीच झालं, पत्र्यावर असा कोसळत होता की गोधड्या टांगूनही माईकमध्ये आधी पाऊसच यायचा, गायला आलेली पोरगी तासभर बसली आणि गेली. मग लाईट असेपर्यंत मागच्या महिन्यातल्या तिच्या अभंगाचा व्हिडिओ उघडला आणि खालचा मजकूर बदलायला घेतला. आमच्याकडे बॅनरवर बुवांचं नाव मोठं, पखवाजवाल्याचं त्याखाली, आणि कोरस म्हणजे नुसतं 'आणि सहकारी'. पखवाजवाले दादा, झांजवाला, पेटीवाला झाले टाकून. कोरसवाल्या चौघांची पूर्ण नावंच मला माहीत नाहीत, वाडीत त्यांना सगळे बाबू, भाई, आपा असंच हाक मारतात, उद्या एकेकाला फोन करून आडनावासकट विचारून घेतो.