दहा आण्यांचा रुपया

सोनौलीच्या कमानीखालून आम्ही चालत नेपाळात शिरलो आणि सगळ्यात आधी बदलली ती वेळ. फोनवरचे आकडे आपोआप पंधरा मिनिटं पुढे सरकले. मनगटावरचं घड्याळ मात्र भारतातच राहिलं. गोरखपूरहून आलेल्या जीपवाल्याने हात दाखवून सांगितलं होतं, "वो गेट के उस पार नेपाल." पाचपन्नास पावलांचा मामला. तेवढ्यात आमच्या आयुष्यातला पाव तास कुठे गेला हे कळलंच नाही.

जगात बहुतेक देश आपलं घड्याळ पुऱ्या तासाने किंवा फार तर अर्ध्या तासाने मागेपुढे करतात. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. नेपाळ पावणेसहा. १९८६ मध्ये त्यांनी गौरीशंकर शिखराचं रेखावृत्त धरलं आणि घड्याळ पावणेसहावर नेलं. परदेशी प्रवाशांना ही पंधरा मिनिटं फार विचित्र वाटतात म्हणे. मला नाही वाटली. साडेपाच आणि पावणेसहा यांच्यात अंतर किती? पाव. ज्या भाषेत सव्वा, दीड, पाऊण, अडीच यांना स्वतःची नावं आहेत तिथल्या माणसाला पावाचं काय एवढं!

ही ऐट फार वेळ टिकली नाही. पलीकडच्या टपरीवर चहा घेतला. दोन चहाचे पन्नास झाले. मी पन्नासची नोट पुढे केली, तर टपरीवाल्याने ती उलटीपालटी करून विचारलं, "आयसी?" मी म्हटलं, "नाही, चहा." मग त्याने गल्ल्यावर चिकटवलेला कागद दाखवला. आयसी म्हणजे इंडियन करन्सी, एनसी म्हणजे नेपाळी. आमच्या पन्नासाचे त्याच्याकडे ऐंशी होत होते, तेव्हा त्याने तीस परत दिले. त्यातली एक दहाची नोट काळविटाची, दुसरी याकची पाचाची, बाकीच्या अशाच कुठल्या कुठल्या प्राण्यांच्या. सगळ्यांच्या मागे तोच एक पांढरा डोंगर. पूर्वी तिथे राजा असायचा. २००८ मध्ये राजेशाही गेली, आणि नोटेवर आता सगरमाथा, म्हणजे आपला एव्हरेस्ट. डोंगर उठून जायची भीती नाही, हा विचार चांगला आहे.

आमच्या कमरेच्या पिशवीत सगळ्या शंभराच्या नोटा. ही गोष्ट २०१९ च्या नोव्हेंबरातली. त्याच्या आदल्या डिसेंबरात नेपाळ सरकारने शंभराच्या वरच्या भारतीय नोटा चालणार नाहीत असं जाहीर केलं होतं. नोटाबंदीत तिथल्या लोकांकडे आपल्या जुन्या पाचशे-हजाराच्या नोटा अडकून पडल्या होत्या. एकदा पोळल्यावर ताकही फुंकूनच प्यायचं. त्यामुळे बायकोने पुण्याच्या बँकेतून शंभराची पुडकी आणून कमरेला बांधली होती आणि ती दोन दिवस सरळ बसू शकत नव्हती.

आता हिशोब. एका भारतीय रुपयाचे एक रुपया साठ पैसे नेपाळी. १९९३ पासून हा दर हललेला नाही, हे एक बरं. डॉलरसारखा रोज सकाळी पेपरात बघावा लागत नाही. पण एक पूर्णांक सहा दशांशाने भागायचं म्हणजे काय, तुम्ही करून बघा. हॉटेलवाला म्हणाला, बाराशे. बायको फोन काढते, कॅलक्युलेटर उघडते, साडेसातशे येतात, ती म्हणते ठीक आहे, तोवर हॉटेलवाल्याने खोली दुसऱ्याला दिलेली. पहिले दोन दिवस असंच चाललं. मी सोपं म्हणून सरळ दीडने भागत होतो आणि सगळं मनात महाग पडत होतं. तिने दोनाने भागायला सुरुवात केली, तर तिला सगळं स्वस्त वाटायला लागलं. एकाच दुकानात उभे राहून एकाच शालीला ती स्वस्त म्हणाली आणि मी महाग. दुकानदार आम्हाला बघून फारच खूश झाला.

तिसऱ्या दिवशी, पोखऱ्याला फेवा तलावाच्या काठी बसलो असताना, मला अचानक आजी आठवली.

आजी आण्यांत जगली. १ एप्रिल १९५७ ला सरकारने रुपयाचे शंभर नवे पैसे केले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पया. नवीन पैसे आले तरी आजी तिच्या आण्यांतून हलली नाही. माझ्या लहानपणीसुद्धा पंचवीस पैशाला ती चार आणे म्हणायची आणि पन्नासला आठ. त्यात तिचं काही अडायचं नाही. अडायचं ते मधल्या आण्यांत. सोळाने शंभराला भागलं तर आण्याला सव्वासहा पैसे पडतात, आणि पाव पैशाचं नाणं कुठून आणायचं? म्हणून सरकारने कोष्टक काढलं: एका आण्याला सहा, दोनला बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस. आजीने हे कोष्टक वाचल्याबरोबर त्यातलं भोक हेरलं. एक एक आण्याच्या तीन वस्तू एकदम घेतल्या तर एकोणीस पैसे, आणि तीनदा दुकानात जाऊन घेतल्या तर अठरा. त्यानंतर काही महिने आजी सुई, दोरा आणि बटणं घ्यायला दिवसातून तीनदा वाण्याकडे जायची, असं माझे वडील सांगत. वाण्याने एकदा हात जोडून तिला तो एक पैसा देऊ केला. तिने घेतला नाही. म्हणाली, "मला भीक नको, हिशोब हवा."

तर आजी संध्याकाळी दिवा लागला की आम्हाला परवचा म्हणायला बसवायची. पाढे झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, तो कुणाला यायचा नाही, पण तिला यायचा. शाळेत कुणी विचारत नव्हतं. आम्ही कंटाळून, डोळे मिटून ते म्हणायचो, आणि मग ते विसरलो असं मला पन्नास वर्षं वाटत होतं.

फेवाच्या काठी मी नेपाळी शंभराची नोट, गेंड्याची, हातात घेऊन बसलो होतो. एकाला एक पूर्णांक सहा. म्हणजे दहाला सोळा. म्हणजे सोळाला दहा. सोळाला दहा म्हटल्याबरोबर कुठून तरी उत्तर आलं: अरे, हे तर दहा आणे! नेपाळी रुपया म्हणजे भारतीय रुपयाचे दहा आणे. सव्वासहा दाहे साडेबासष्ट पैसे, जसेच्या तसे, ना कमी ना जास्त. आणि दहा आणे म्हणजे आठ आणे अधिक दोन आणे. म्हणजे निम्मं कर आणि त्या निम्म्याची पावकी त्यात घाल. बाराशेचे निम्मे सहाशे, त्याचा पाव दीडशे, साडेसातशे. दोनशे चाळीसचे निम्मे एकशेवीस, पाव तीस, दीडशे. शाल आठशेची, निम्मी चारशे, पाव शंभर, पाचशे. मी तिथल्या तिथे पाचसात हिशोब मोठ्याने केले. शेजारच्या बाकावरचं एक जोडपं उठून गेलं.

बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "आता बघू, काठमांडूत काय करतोस."

काठमांडूत आण्यांनीच माझी फजिती केली. असनच्या बाजाराकडे जाताना भिंतीवर जाहिरात दिसली. नेपाळी आपल्याच लिपीत, त्यामुळे मराठी माणूस तिथे सगळं वाचतो आणि समजलं असं समजतो. घरजग्गा बिक्रीमा, ४ आना. चार आण्यांत घर! मी फोटो काढला. चालकाने समजावून सांगितलं की जग्गा म्हणजे जमीन, आणि आणा हे जमिनीचं माप आहे. काठमांडूच्या खोऱ्यात जमीन रोपनीने मोजतात. रोपनीचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाचे चार दाम. एक आणा म्हणजे सुमारे ३४२ चौरस फूट. तो म्हणाला, "इधर चार आना का करोड़ लगता है." नेपाळने आपल्या रुपयाचे शंभर पैसे १९३२ मध्येच केले, आपल्या पंचवीस वर्षं आधी. आणे खिशातून गेले ते जमिनीत जाऊन राहिले. आजीला हे सांगायला हवं होतं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण तिथे म्हणायची सोय नाही; बारा आण्यांत तिथे बंगला होतो.

दुसरी फजिती बायकोची, आणि ती मी जास्त आवडीने सांगतो. असनला एका मसाल्याच्या पसलेत (पसल म्हणजे दुकान) तिला टिमूर दिसलं. बघितल्याबरोबर ओरडली, "तिरफळ!" ते तिरफळ नाही, तिरफळाचं चुलत भावंड, पण वास तसाच, जीभ तशीच चुरचुरते. कोकणातल्या माहेरवाशिणीला तेवढं पुरे. तिने भरवशाने सांगितलं, "एक पाव." दुकानाची साहुनी लगेच समजली, कारण नेपाळीतही हा शब्द 'पाउ' असाच आहे. पिशवी भरली, दिली. बायकोने ती तळव्यावर झेलली, आणि तीस वर्षं मंडईत घासाघीस केलेला तिचा चेहरा तडकला. "कमी आहे." साहुनीने पिशवी पुन्हा काट्यावर ठेवली. दोनशे ग्रॅम. "बघा, पन्नास कमी!" साहुनी हसली. म्हणाली, "दिदी, एक पाउ भनेको दुई सय ग्राम हो."

आपला पाव किलोचा चौथा हिस्सा, त्यांचा पाउ किलोचा पाचवा. त्यांच्या जुन्या मापात धार्नी असते, साधारण दोन किलो चारशेची, तिचे बारा पाउ. आपल्याकडे शेर होता, त्याचा पाव तो पावशेर. शेर जाऊन किलो आला तेव्हा पावशेर गुपचूप पाव किलो होऊन बसला, आणि अजून मंडईत पावशेर मिरची मागितली तर कुणी हसत नाही. तिथेही तेच झालं, फक्त वेगळ्या आकड्यावर. पाव हा शब्द दोन्हीकडे एकच, म्हणून फसायला झालं. वेगळा असता तर तिने विचारलं असतं.

साहुनीच्या दुकानात मागे पितळी मापं होती, माना आणि पाथी. आठ मान्यांची एक पाथी, वीस पाथींची एक मुरी. बायकोने माना हातात घेऊन उलटा केला. लग्नात तिने उंबऱ्यावर असंच एक तांदूळ भरलेलं माप लवंडलं होतं. ते माझ्या आजीचं होतं, आणि नंतर ते सापडलंच नाही. तिने मान्याची किंमत विचारली, मी निम्मे अधिक पाव केलं, आणि तेवढ्यात तिने ते घेऊनही टाकलं होतं.

इंद्रचोकात पोत्यांच्या गल्लीत, म्हणजे तिकडच्या काचमण्यांच्या माळांच्या, सोन्याचा भावही विचारला. तो सांगायची गरज नाही. तिने भाव ऐकला आणि हात मागे घेतला. मग रात्री हॉटेलात मी तिला समजावत बसलो. आधी दहा आणे कर. मग लक्षात घे की आपला सराफ तोळा म्हणतो तो दहा ग्रॅमचा, आणि त्यांचा तोळा जुना, ११.६६ ग्रॅमचा. दोन्ही धरलं तर भाव जवळजवळ घरचाच. ती म्हणाली, "मग घ्यायला हरकत नव्हती." समजावून सांगण्यात नेहमीच काहीतरी धोका असतो.

हॉटेलच्या पावतीवर तारीख होती ०७६/७/१८. मी ती तीनदा वाचली. अठरा जुलै? आणि शहात्तर साल? तो त्यांचा विक्रम संवत, २०७६, आणि सातवा महिना कार्तिक. पैशापासून वारापर्यंत सगळंच थोडं सरकलेलं. तिथे सुट्टी शनिवारची, रविवारी पोरं दप्तर घेऊन शाळेत. चार दिवसांत मी त्यातल्या कशालाही दचकेनासा झालो. शेवटच्या दिवशी मःम (म्हणजे मोमो) खाल्ले, मालकाने दोनशे चाळीस सांगितले, आणि मी मनात काहीही न करता दोनशे चाळीस दिले. बाहेर आल्यावर लक्षात आलं की दीडशे झाले का, हे मी बघितलंच नाही.

परत सोनौलीला आलो तेव्हा जाताना गेलेला पाव तास परत मिळाला. तो आम्ही कमानीशी जीपची वाट बघण्यात घालवला.

घरी आल्यावर टिमूर बरणीत गेलं, माना देवघरात गेला. बायको आजीच्याच पद्धतीने हिशोबाची वही ठेवते. आजी अपूर्णांक रेघांनी लिहायची: एक उभी रेघ पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पर्समध्ये तळाला एक गेंड्याची नोट उरली होती. बायकोने ती मला दाखवली, मी निम्मे अधिक पाव केलं, आणि तिने वहीत लिहिलं: नेपाळ, शिल्लक ६२॥